हार्डवेअर वॉलेट उघडेना, किंवा उघडून शून्य दाखवतंय: मी दर वेळी करतो ती तपासणी

हार्डवेअर वॉलेट म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टोची, म्हणजे डिजिटल चलनाची, किल्ली ठेवायची पेन ड्राइव्हएवढी डबी. ती अडली की आधी लक्षणं बघा. तुमचं दुखणं कोणतं ते कळलं की निम्मं काम होतं.

पहिलं, वॉलेट कॉम्प्युटरला जोडलं, त्याची स्क्रीन लागली, पण ॲप ‘डिव्हाइस जोडा’च्या पुढे सरकत नाही. दुसरं, जोडलं जातं, पिन घेतं आणि ऐन खातं उघडताना तुटतं. तिसऱ्यात माणसाच्या तोंडचं पाणी पळतं: सगळं व्यवस्थित उघडतं आणि शिल्लक शून्य. किंवा पैसे घेण्याचा पत्ता (खाते क्रमांकासारखी अक्षर-आकड्यांची लांब ओळ) मागच्या वेळेपेक्षा वेगळाच. चौथं, शिल्लक दिसते पण बाहेर पाठवता येत नाही. पाचवं, पिन चुकतोय, नाहीतर वॉलेट ‘मला नव्याने सेट करा’ म्हणतंय.

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात माझं कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. टॉवेलवाल्यांचे बिलिंगचे पीसी आणि बारकोडचे प्रिंटर हा खरा धंदा. वॉलेटं यायला लागली ती पुण्याला, हैदराबादला नोकरीला गेलेल्या पोरांमुळे. पोरगं घेऊन देतं, वडिलांच्या कपाटात ठेवतं आणि जातं. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली, तेव्हापासून ‘एक्सचेंजवर नको, आपलं आपल्यापाशी असू दे’ म्हणणारे वाढले. मग एक दिवस एखादे काका काउंटरवर येतात, खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढतात आणि म्हणतात, “मालक, ह्यो पेन ड्राइव्ह उघडंना झालाय. पैसं गेलं का बघा की.”

माझ्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांचे पैसे गेलेले नव्हते. ज्यांचे गेले, त्यांचे बिघाडामुळे गेले नाहीत; बिघाड दुरुस्त करायच्या घाईत गेले. म्हणून खालचा क्रम मोडू नका. सोपं आणि फुकट ते आधी, धोक्याचं ते शेवटी.

हात लावण्याआधी

पैसे त्या डबीत नसतात. क्रिप्टोचा हिशोब जगभरच्या कॉम्प्युटरवरच्या सामायिक वहीत असतो. डबीत असते फक्त किल्ली, आणि ती किल्ली ज्यातून तयार होते ते १२, २० किंवा २४ शब्द सेट करताना कागदावर लिहून घ्यायला सांगितलेले असतात. सातबाऱ्याचा उतारा उंदराने खाल्ला म्हणून शेत जात नाही, तसं डबी फुटली म्हणून पैसे जात नाहीत. मात्र ही तुलना इथेच संपते. उतारा तलाठ्याकडून पुन्हा मिळतो. शब्द हरवले तर वर तलाठी कोणी नाही. कंपनीसुद्धा नाही.

तेव्हा पहिलं काम, तो कागद घरात कुठे आहे ते शोधा आणि शब्द मोजा. सापडला तर पुढचं सगळं निवांत करता येईल. नाही सापडला तर या लेखातल्या फर्मवेअर (डबीच्या आतला मूळ प्रोग्रॅम) आणि रिसेटच्या पायऱ्या तुमच्यासाठी बंद, असं समजा.

दुसरी गोष्ट मी काउंटरवर पाटी लावून सांगतो: शब्द फक्त त्या डबीच्या स्वतःच्या बटणांनी किंवा स्क्रीनवर टाकायचे. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर नाही, मोबाइलवर नाही, फोनवर कोणाला वाचून नाही, फोटो काढून मुलाला व्हॉट्सॲपवर तर नाहीच. याला एक जुना अपवाद आहे, ट्रेझर कंपनीचं ट्रेझर वन. त्याचे शब्द कॉम्प्युटरवर टाकावे लागतात, पण त्यांचा क्रम तो उलटसुलट विचारतो आणि कितवा शब्द टाकायचा ते फक्त डबीवर दाखवतो. बाकी कुठलाही पडदा शब्द मागत असेल तर तो चोर आहे, मग त्यावर चिन्ह कोणाचंही असो.

पैसे जागेवर आहेत का, ते वॉलेट न जोडता बघा

याला खर्च शून्य आणि धोका शून्य, तरी लोक हे सगळ्यात शेवटी करतात. एक्सचेंजवरून वॉलेटमध्ये पैसे पाठवले तेव्हाची नोंद एक्सचेंजच्या ‘विड्रॉल’ इतिहासात असते. तिथून पत्ता उचला. बिटकॉइन असेल तर मेमपूल डॉट स्पेस, इथेरियम असेल तर इथरस्कॅन, ट्रॉन असेल तर ट्रॉनस्कॅन उघडा आणि तो पत्ता शोधा. ती सामायिक वही बघायची ही पानं, लॉगिन लागत नाही. कोणी मागितलंच तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात.

तिथे शिल्लक दिसली तर चहा मागवा, कारण आता उरलाय तो फक्त नळाचा बिघाड, टाकी भरलेली आहे. पैसे बाहेर गेलेले दिसले आणि ते तुम्ही पाठवले नसतील, तर मधलं सगळं सोडून थेट ‘कुठे थांबायचं’ या भागावर जा.

बिटकॉइनमध्ये एक पेच आहे. वॉलेट दर वेळी पैसे घ्यायला नवा पत्ता देतं, आणि काही रक्कम पाठवली की उरलेली मोड स्वतःच्याच दुसऱ्या नव्या पत्त्यावर ठेवतं. जुन्या पत्त्यावर शून्य दिसलं आणि मधे तुम्ही स्वतः काही पाठवलं होतं, तर घाबरू नका. मोड शेजारच्या पत्त्यावर असते. जुने पत्तेही चालूच राहतात. ‘पत्ता बदलला, हॅक झालं’ म्हणून अक्कलकोट रोडवरून धावत आलेल्या एका कारखानदारांना एवढंच सांगितलं आणि परत पाठवलं. बिल काय लावणार?

केबल

माझ्याकडची सगळ्यात जास्त वॉलेटं इथेच बरी होतात. मोबाइलच्या चार्जरसोबत किंवा ठेल्यावर मिळणाऱ्या कित्येक केबलींत फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या दोन तारा नसतातच. अशा केबलीवर वॉलेटची स्क्रीन लागते, पिनही टाकता येतो, त्यामुळे माणसाला वाटतं की केबल ठीक आहे. कॉम्प्युटरला मात्र पलीकडे कोणी आहे हेच कळत नाही. परीक्षा सोपी आहे: त्याच केबलने फोन जोडा आणि फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर दिसतात का बघा. नाही दिसले तर केबल बदला. डब्यातली मूळ केबल असेल तर उत्तमच. लेजर कंपनीच्या जुन्या नॅनो एस आणि ट्रेझर वनला मायक्रो यूएसबी लागते. नॅनो एस प्लस, नॅनो एक्स, ट्रेझर मॉडेल टी यांना टाइप सी.

मग पोर्ट. पुढच्या पॅनलचे पोर्ट आणि चार तोंडांचे हब टाळा, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला सरळ जोडा. पुढच्या पोर्टची आतली वायर बहुतेक असेंबल पीसीत हलकी असते आणि वीज कमी पडली की वॉलेट ऐन वेळी तुटतं. ते वरचं दुसरं लक्षण बऱ्याचदा हेच.

आपल्या गावचं खास दुखणं वेगळंच आहे. पूर्व भागात, यंत्रमागाच्या शेडशेजारी ज्यांचं घर किंवा ऑफिस आहे, त्यांच्या वॉलेटच्या चार्जिंग पिनमध्ये कापसाची बारीक तूस दाबून बसलेली असते. केबल आत जाते पण पूर्ण बसत नाही. मोबाइलवाल्यांना हे पाठ आहे. वॉलेट बंद करून, उजेडात धरून, लाकडी टूथपिकने हलक्या हाताने तूस ओढून काढा. सुई, सेफ्टी पिन घालू नका. नॅनो एक्समध्ये बॅटरी असते, पिन शॉर्ट झाली तर दुखणं वाढेल. बॅटरीवरून आठवलं, मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवू नका. डबीचं पोट फुगलेलं दिसलं तर चार्जिंगला लावायचंच नाही.

फोनला जोडत असाल तर ओटीजी, म्हणजे फोनला यूएसबीची वस्तू जोडायची सोय, बघा. विवो, ओपो, रिअलमीच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजीचं बटण सेटिंगमध्ये वेगळं चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापर नसेल तर ते आपोआप बंद होतं. “मघाशी चालत होतं की!” याचं उत्तर हे. आयफोनला जुनी नॅनो एस किंवा ट्रेझर वन केबलने जोडायचा प्रयत्न करू नका, ते चालत नाही.

डबी उघडी आहे, पण आतला कप्पा बंद आहे

लेजरमध्ये प्रत्येक नाण्याचं वेगळं छोटं ॲप डबीच्या आत असतं. नुसता पिन टाकून भागत नाही. मेटामास्कसारख्या बाहेरच्या प्रोग्रॅममधून जोडत असाल तर डबीवर इथेरियम ॲप उघडून ठेवावं लागतं. जुन्या नॅनो एसमध्ये जागा इतकी थोडी की एक ॲप टाकायला दुसरं काढावं लागतं. काढा खुशाल. ॲप काढलं म्हणून नाणी जात नाहीत, परत टाकलं की तेच खातं दिसतं.

एका वेळी एकच प्रोग्रॅम डबीशी बोलू शकतो. लेजरचं ॲप उघडं, मागे क्रोममध्ये मेटामास्कही उघडं, आणि दोघे एकमेकांचा शब्द तोडतायत, हे चित्र मी नेहमी बघतो. एक सोडून सगळं बंद करा. फायरफॉक्समध्ये प्रयत्न करत असाल तर सोडून द्या. ब्राउझरमधून थेट यूएसबीशी बोलायची सोय त्यात नाही. क्रोम, एज किंवा ब्रेव्ह घ्या. लिनक्सवाल्यांना यूडेव्हचे नियम टाकावे लागतात, कंपनीच्या मदत पानावर ते तयार मिळतात.

मेटामास्कचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबतो, कारण या एका स्क्रीनवर लोक सगळ्यात महाग चूक करतात. मेटामास्कमध्ये दोन वाटा असतात: ‘हार्डवेअर वॉलेट जोडा’ आणि ‘शब्दांवरून वॉलेट आयात करा’. पहिली वाट अडली की माणूस दुसरीने जातो, चोवीस शब्द कीबोर्डवरून टाकतो, पैसे दिसतात, जीव भांड्यात पडतो. पण त्या क्षणापासून किल्ली इंटरनेटला जोडलेल्या कॉम्प्युटरवर आली. हार्डवेअर वॉलेट घेण्याचं कारणच संपलं. तुमच्याकडून हे झालं असेल तर डबी रिसेट करून नवे शब्द तयार करायचे म्हणजे जुने पुसले जाणार, हे लक्षात ठेवा. जुने शब्द कागदावर पक्के असल्याशिवाय तसं करू नका. शक्य असेल तर दुसऱ्या डबीवर नवे शब्द बनवा आणि सगळी रक्कम त्या नव्या पत्त्यांवर हलवा. जुने शब्द ‘पुन्हा सुरक्षित’ होत नाहीत.

तारीख आणि वेळ

हे वाचून हसाल. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की रोज सकाळी कॉम्प्युटरची तारीख मागच्या दशकात जाते. मग कुठल्याच सुरक्षित सर्व्हरशी त्याचं जमत नाही, ॲप नुसतं गोल फिरत राहतं आणि दोष वॉलेटला लागतो. उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. सीआर २०३२ नावाचा सेल, किंमत वडापावाच्या आसपास.

ॲप कुठून घेतलं?

गुगलवर शोधून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करून घेतलं असेल तर काढून टाका. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरवरच लेजरचं बनावट ॲप सापडलं होतं, त्यात लोकांचे लाखो डॉलर गेले. म्हणजे दुकान मोठं असलं तरी माल खरा असेलच असं नाही. कंपनीचा पत्ता डब्यातल्या कार्डावरून स्वतः टाइप करा आणि तिथूनच उतरवा.

२०२० मध्ये लेजरच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर फुटले. त्या यादीच्या जोरावर लोकांच्या घरी पोस्टाने बनावट वॉलेटं आणि ‘सुरक्षेसाठी शब्द पुन्हा नोंदवा’ अशी छापील पत्रं गेली. त्यामुळे पत्र तुमच्या नावाने आलं, डबा सीलबंद आला, यावरून काही सिद्ध होत नाही. डब्यात शब्द आधीच छापलेले किंवा स्क्रॅच कार्डावर असतील तर ती डबी वापरायची नाही. खरं वॉलेट शब्द तुमच्यासमोर, स्वतःच्या स्क्रीनवर तयार करतं. लेजर ॲपमध्ये डबी अस्सल आहे का तपासायची सोय आहे, ती एकदा चालवा.

उघडलं, पण शून्य

वहीत पैसे दिसतायत आणि वॉलेटमध्ये नाहीत, तर कारण बहुतेक यातलंच एक असतं.

खातं जोडलेलंच नसतं. नव्या कॉम्प्युटरवर ॲप टाकलं की ते कोरं असतं. ‘खातं जोडा’ करून डबी जोडावी लागते, मग ते शोधून काढतं.

बिटकॉइनच्या पत्त्यांचे प्रकार वेगळे असतात. १ ने सुरू होणारा जुना, ३ ने सुरू होणारा मधला, बीसी१क्यू ने सुरू होणारा आजचा नेहमीचा, बीसी१पी ने सुरू होणारा टॅपरूट. एकाच शब्दांतून हे चारही प्रकार निघतात, पण ॲपमध्ये चार वेगळी खाती म्हणून दिसतात. मुलाने २०१८ मध्ये ३ वाल्या पत्त्यावर घेतलेले पैसे आज बीसी१ वालं खातं उघडून शोधाल तर शून्यच. पहिल्या पायरीत काढलेला जुना पत्ता कशाने सुरू होतो ते बघा आणि तो प्रकार निवडून खातं जोडा.

यूएसडीटी हे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं. ते ठेवणाऱ्यांचा घोळ नेटवर्कचा, म्हणजे कोणत्या वहीवर पाठवलं त्याचा. पत्ता टी ने सुरू होत असेल तर ते ट्रॉन. शून्य-एक्स ने सुरू होणारा पत्ता मात्र इथेरियमवरही चालतो आणि बीएनबी चेनवरही. पैसे एकावर पाठवलेले आणि तुम्ही बघताय दुसरीकडे. नेटवर्क बदलून बघा.

आणि पासफ्रेज. काही जण २४ शब्दांवर स्वतःचा आणखी एक शब्द लावतात. याचा स्वभाव विचित्र आहे: तो कधीच ‘चुकीचा’ ठरत नाही. काहीही टाका, वॉलेट उघडतं, फक्त वेगळं आणि रिकामं. पहिलं अक्षर मोठं की लहान, शेवटी चुकून पडलेली एक स्पेस, यानेही वेगळंच वॉलेट उघडतं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर जत्रेच्या) सुट्टीत आलेल्या एका मुलाने वडिलांच्या वॉलेटला पासफ्रेज लावली होती आणि ‘बाबा, सिद्धेश्वर टाका’ एवढंच सांगून परत गेला. स्पेलिंगमध्ये डब्ल्यू घालायचा की व्ही, यावर आमची दुपार गेली. शेवटी मुलाने फोनवर सांगितलं की त्याने एच दोनदा टाइप केला होता, तेही चुकून, आणि खातं त्या चुकीवरच उभं होतं. (दुसऱ्याच दिवशी पासफ्रेज बदलून रक्कम हलवायला लावली. मी ती ऐकली होती ना.)

दिसतंय, पण जात नाही

यात काही खोल नाही. टोकन (दुसऱ्याच्या नेटवर्कवर चालणारं यूएसडीटीसारखं नाणं) पाठवायचा खर्च टोकनमध्ये नाही, त्या नेटवर्कच्या मूळ नाण्यात द्यावा लागतो. ट्रॉनवर हजार यूएसडीटी आहेत आणि टीआरएक्स एकही नाही, तर ते हलणार नाहीत. थोडं टीआरएक्स आणून टाका. इथेरियमवर थोडं इथर. पाठवताना लेजर ‘ब्लाइंड सायनिंग (तपशील डबीवर पूर्ण न दिसता सही) चालू करा’ म्हणालं तर आधी विचारा की मी साधे पैसे पाठवतोय की कुठल्या अनोळखी साइटला परवानगी देतोय. साध्या व्यवहाराला ती सहसा लागत नाही.

पत्ता डबीच्या स्क्रीनवर पूर्ण वाचा. कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलणारे व्हायरस मी ग्राहकांच्या मशीनमधून काढलेत. पहिली आणि शेवटची चार अक्षरं जुळणारे खोटे पत्ते तुमच्या इतिहासात पेरून ठेवायची नवी पद्धतही आहे. आधी थोडी रक्कम पाठवा, पोचली की बाकीची.

फर्मवेअर

इथून पुढे कागद समोर असल्याशिवाय जायचं नाही. अपडेट बहुतेक वेळा शब्दांना हात लावत नाही, पण मधेच वीज गेली आणि डबी अर्धवट अवस्थेत अडकली तर पुसून परत भरावी लागू शकते. आपल्याकडे दुपारची लाइट सांगून जात नाही. लॅपटॉप चार्ज करून घ्या किंवा यूपीएसवर बसा, आणि केबल तीच वापरा जी वरच्या परीक्षेत पास झाली.

रिसेट, म्हणजे शेवटचा उपाय

लोक हा पहिला करतात. आधी कागदावरचे शब्द बरोबर आहेत हे सिद्ध करा, मग पुसा. लेजरवर ‘रिकव्हरी चेक’ नावाचं ॲप आहे, ट्रेझर सूट या ट्रेझरच्या ॲपमध्ये बॅकअप तपासायची सोय आहे. दोन्ही काही न पुसता शब्द जुळतात का ते सांगतात. पिन विसरलेल्यांना हे करता येत नाही, त्यांच्यासाठी लेजर तीन चुकीच्या पिननंतर स्वतःला पुसून टाकतं आणि ट्रेझर त्याहून बऱ्याच जास्त चुकांनंतर. शब्द असतील तर पुसलं जाणं ही आपत्ती नाही. नसतील तर दुसऱ्या चुकीनंतर हात मागे घ्या.

शब्द ‘चुकीचे’ येतायत, तर कागद नीट बघा. हे शब्द २०१३ मध्ये ठरलेल्या २०४८ इंग्रजी शब्दांच्या यादीतले असतात आणि प्रत्येकाची पहिली चार अक्षरं वेगळी असतात. म्हणजे पुढची अक्षरं पुसट असली तरी शब्द ओळखता येतो. माझ्याकडे आलेला सगळ्यात अवघड कागद एका निवृत्त गुरुजींचा. सुवाच्य अक्षर, शाई पक्की, लॅमिनेशन केलेलं, आणि चोवीसच्या चोवीस शब्द देवनागरीत! त्यात एक ‘राइट’ होता. उजवा की लिहिणं? यादीत दोन्ही आहेत. पुढे ‘पेअर’: जोडी की नासपती? तेही दोन्ही आहेत. कागद गुरुजींच्या हातात, डबीही त्यांच्याच हातात, मी त्यांच्याकडे पाठ फिरवून बसलेलो आणि फक्त विचारत होतो, “गुरुजी, त्याच्यात डब्ल्यू होता का आठवतंय?” चार जोड्या होत होत्या, तिसरी लागली.

क्रमाचीही गंमत होते. कार्डावर दोन रांगा असतात; लिहिताना वरून खाली लिहिलं आणि वाचताना आडवं वाचलं की सगळं विस्कटतं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: शेवटच्या शब्दात बाकीच्यांची पडताळणी दडलेली असते, पण ती छोटी असते. १२ शब्दांत साधारण सोळापैकी एक चुकीचा क्रमही ‘बरोबर’ म्हणून पास होतो, २४ शब्दांत २५६ पैकी एक. पास झाला की रिकामं वॉलेट उघडतं आणि माणूस म्हणतो पैसे गेले. गेलेले नसतात, शेजारचं घर उघडलेलं असतं. ट्रेझरच्या नव्या मॉडेलांचे २० शब्द हा वेगळाच प्रकार आहे, ते लेजरमध्ये भरायचा प्रयत्न करू नका.

शब्द टिकवायला काही जण स्टीलवर कोरतात, कल्पना चांगली आहे. पण एकाने ते काम भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे दिलं होतं, लग्नातल्या ताटांसारखं! त्या बिचाऱ्याने प्रामाणिकपणे चोवीस शब्द घातले आणि पावतीच्या मागे नमुनाही ठेवून घेतला. मशीन तासाभरासाठी मागून आणा, कोरा तुम्ही.

कुठे थांबायचं

शब्द नाहीत आणि डबी फुटली, भिजली किंवा स्क्रीन गेली: सोल्डरिंगवाल्याकडे नेऊ नका, माझ्याकडेही नको. पुसू नका, पिनचे अंदाज लावू नका, कोरड्या जागी ठेवा आणि कंपनीच्या अधिकृत मदत पानावरूनच संपर्क करा. जुनं ट्रेझर वन असेल तर आशा पूर्ण सोडायचं कारण नाही. २०२२ मध्ये जो ग्रँड या अमेरिकन हार्डवेअर इंजिनिअरने चिपला नेमक्या क्षणी विजेचा झटका देऊन विसरलेला पिन काढल्याचं जगाने पाहिलं, त्यात २० लाख डॉलरच्या आसपासची क्रिप्टो होती. पण ते काम प्रयोगशाळेचं आहे, टेलिग्रामवर ‘रिकव्हरी एक्सपर्ट’ म्हणवणाऱ्याचं नाही. आगाऊ पैसे किंवा शब्द मागणारा प्रत्येक एक्सपर्ट दुसरा चोर असतो. एकदा लुटलेल्यांच्या याद्या विकत घेऊनच ते फोन करतात.

बॅटरी फुगली असेल तर वर सांगितलं तेच, चार्ज करू नका. शब्द हाताशी असतील तर नवीन डबी घ्या, कारण जुनीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

रक्कम मोठी असेल आणि विकायची असेल तर आधी सीएला भेटा. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही लागतो. मी केबल बदलतो, रिटर्न भरत नाही.

आणि वहीत तुमचे पैसे तुम्ही न पाठवता बाहेर गेलेले दिसले, किंवा शब्द कुठेतरी टाकले गेले, तर तपासणी बंद. अजून काही रक्कम शिल्लक असेल तर दुसऱ्या, नव्या शब्दांच्या वॉलेटवर त्याच मिनिटाला हलवा. मग १९३० वर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा, आणि सायबर पोलिसांकडे जा. सोबत व्यवहाराचा हॅश (वहीतला त्या व्यवहाराचा क्रमांक), दोन्ही पत्ते, वेळ, आलेले मेसेज आणि पानांचे स्क्रीनशॉट न्या. चोर पैसे एखाद्या एक्सचेंजवर उतरवतो तेवढ्यात कळवलं तरच ते गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून ‘उद्या मुलाला विचारून बघू’ करू नका.

दुकानात येणार असाल तर डबी, तिची केबल आणि जुना पत्ता आणा. शब्दांचा कागद घरी ठेवून या. रिसेटपर्यंत वेळ आलीच, तर मी तुमच्या घरी येईन आणि शब्द टाकताना गॅलरीत उभा राहीन.